सोलरला बॅटरी जोडायची तर ती खरंच किती महाग पडते?

गच्चीवरला

नमस्कार मंडळी. गच्चीवर पाच किलोवॅटचं सोलर बसवायचं जवळजवळ नक्की झालंय. दोन ठिकाणची कोटेशनं हातात आहेत. पॅनेल, इन्व्हर्टर, स्ट्रक्चर, वायरिंग इथपर्यंत दोघांचे आकडे थोडेफार इकडेतिकडे. बॅटरीसकट विचारलं की मात्र एकाचा आकडा पावणेदोनपट होतो आणि दुसऱ्याचा दुपटीच्या वर जातो. दोघंही एकच पालुपद लावतात, "बॅटरी घ्या, बिल शून्य."

आमचा वापर दिवसाला साधारण १२ युनिट. त्यातली ७ तरी सूर्य मावळल्यावर जातात, कारण दिवसा घरात कोणी नसतं. वीज जाते ती महिन्यातून दोनचार वेळा, तास-दोन तास.

रकमा मुद्दाम लिहीत नाहीये. प्रत्येक ठिकाणचे दर, अनुदान, कर वेगळे, आणि रकमा टाकल्या की "आमच्याकडे तर एवढ्यातच झालं" यावरच धागा संपतो. मला हिशेबाची पद्धत हवी आहे. बॅटरी परवडते की नाही हे नेमकं कशाला कशाने भागून ठरवायचं?

नुसताच_वाचक

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. आमच्या सोसायटीत यावरून दोन गट पडलेत.

हिशेबनीस

आधी एक विचारतो, मग लांबण लावतो. तुम्ही दिवसा उरलेली वीज ग्रिडला दिलीत तर त्याचं काय मिळतं? युनिटला युनिट वजा होतं, की ते ठरावीक कमी दराने विकत घेतात, की काहीच मिळत नाही? सगळा हिशेब या एका उत्तरावर फिरतो आणि कोटेशन देणारा नेमकं हेच बोलत नाही.

गच्चीवरला

सध्या युनिटला युनिट आहे. पुढे बदलणार अशी कुजबुज आहे.

हिशेबनीस

मग ऐका. ५ युनिटची लिथियम आयर्न फॉस्फेट, म्हणजे एलएफपी बॅटरी धरू. पूर्ण रिकामी करायची नसते, म्हणून वापरता येतात ४.५ युनिट. कागदावर सहा हजार सायकल (एकदा भरून रिकामी केली की एक सायकल) लिहिलेल्या असतात, पण दिवसाला एकच सायकल होणार असेल तर सहा हजारांना सोळा वर्षं लागतील. वॉरंटी बहुतेकांची दहा वर्षांची. म्हणून मी दहा वर्षंच धरतो, पुढची मिळाली तर बोनस. ४.५ गुणिले ३६५० म्हणजे १६,४२५. क्षमता दरवर्षी थोडी घटते, त्यासाठी सरासरी दहा टक्के कापा. उरली सुमारे १४,८०० युनिट. रोज पूर्ण भरली आणि रोज पूर्ण रिकामी केली तर ही बॅटरी दहा वर्षांत एवढी वीज तुमच्या हातात देईल.

बॅटरीच्या किमतीला (बसवण्याचा खर्च धरून) या १४,८०० ने भागा. साठवलेल्या एका युनिटचा खर्च मिळाला. कोटेशनमधला "प्रति युनिट क्षमता" हा भाव दोन बॅटऱ्यांची तुलना करायला ठीक आहे, परवडण्याचा प्रश्न त्याने सुटत नाही.

आता त्या एका युनिटमागे तुम्ही वाचवता किती? ग्रिडचा दर १ माना. बॅटरीत एक युनिट घातलं की इन्व्हर्टर धरून साधारण ०.९ परत येतं, बाकी उष्णतेत जातं. म्हणून,

उरलेली वीज वाया जात असेल तर परत आलेल्या प्रत्येक युनिटवर तुम्ही पूर्ण १ वाचवता.

ती ०.४ दराने विकता येत असेल तर एक युनिट हाती यायला १.११ युनिट घालावी लागतात, म्हणजे ०.४४ चं उत्पन्न सोडलंत. वाचले ०.५६.

युनिटला युनिट वजा होत असेल तर १.११ सोडून १ मिळवलं. दर युनिटला ०.११ चा तोटा, बॅटरी फुकट मिळाली तरी.

तुम्ही आज तिसऱ्या ओळीत आहात. ग्रिड आत्ता तुमची फुकटची बॅटरी आहे, तीही कधी म्हातारी न होणारी. नियम बदलून तुम्ही मधल्या ओळीत आलात तर ५ युनिटच्या बॅटरीची किंमत जास्तीत जास्त ग्रिडच्या ८,२०० युनिटच्या बिलाइतकी असली तरच ती दहा वर्षांत स्वतःचे पैसे काढते. दिवसाचा आणि रात्रीचा वीजदर वेगळा असेल तर जो चढा दर तुम्ही टाळता तो '१' धरा. गणित तेच.

दीडशहाणा

हिशेबनीसांना वीज कंपनीने कामाला ठेवलंय वाटतं 😀 अहो, दर काय आहे तिथेच राहणार आहेत का? दरवर्षी वाढतात. आणि बॅटऱ्या स्वस्त होतायत, २०१० पासून लिथियम-आयनची किंमत नव्वद टक्क्यांहून जास्त उतरली आहे. मी तर म्हणतो सरळ मोठी बॅटरी घ्या, मीटर काढून परत करा आणि कंपनीला रामराम ठोका.

हिशेबनीस

दर वाढतात हे मान्य, तुमच्या अंदाजाने वाढवून घाला, मी अडवत नाही. पण बॅटऱ्या स्वस्त होत आहेत हा मुद्दा आज घेण्याच्या बाजूने कसा, तेवढं समजवा.

मीटर काढण्याबद्दल. गच्चीवरल्यांचा वापर १२ युनिट. सलग तीन दिवस आभाळ भरून आलं आणि पॅनेलनी नेहमीच्या पाव हिश्श्याने वीज दिली, तर त्या तीन दिवसांसाठी पंचवीसेक युनिट साठा लागेल. आता ही भली मोठी बॅटरी वर्षातले तीनशे दिवस जेमतेम एकतृतीयांश वापरली जाणार. पहिली ५ युनिट रोज राबतात, शेवटची ५ वर्षातून आठ-दहा वेळा. किंमत मात्र दोघांची सारखीच. जिथे लाइनच पोचत नाही तिथे ही चैन परवडते, कारण दुसरा पर्याय डिझेल असतो.

चांदणी_रात्र

सगळ्यांचे हिशेब वाचले, पटले. पण आमच्याकडे सासूबाईंना रात्री ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर लागतो. वीज गेली की तो बंद. आमच्या बॅटरीने दहा वर्षांत एक पैसा वाचवला नाही तरी चालेल. तिला "परतावा किती" असं विचारणं मला तरी जमत नाही.

हिशेबनीस

ताई, विचारूच नका. तुमची बॅटरी विमा आहे, त्याला परतावा लावायचा नसतो. घोटाळा होतो तो लोक दोन्ही कामं एकाच बॅटरीच्या गळ्यात बांधतात तेव्हा. बिल वाचवायचं तर ती रोज रात्री रिकामी व्हायला हवी. वीज गेल्यावर हवी असेल तर ती भरलेली राहायला हवी. विकताना दोन्ही फायदे एकदमच सांगतात.

तुमचं गणित सोपं आहे. घरगुती कॉन्सन्ट्रेटर साधारण ३५० वॅट खातो. आठ तासांचे २.८ युनिट. त्यात थोडे दिवे, पंखा. ५ युनिटची एक बॅटरी पुरते, फक्त सेटिंगमध्ये राखीव साठा ९० टक्क्यांच्या वर ठेवा. आणि डॉक्टरांना विचारून एक सिलिंडर घरात असू द्या. इन्व्हर्टरही बिघडतो.

फ्यूजगेला

वीसेक वर्षं वायरिंगच्या धंद्यात आहे, सोलरची कामंही करतो. कोटेशनमध्ये सहसा नसतं असं थोडं सांगतो.

पहिली गोष्ट. बॅटरी नसलेलं साधं ग्रिडचं सोलर वीज गेली की बंद पडतं. टळटळीत ऊन असलं तरी. लाइनवर काम करणाऱ्या माणसाला तुमच्या घरातून शॉक बसू नये म्हणून इन्व्हर्टर स्वतःला तोडून घेतो. निम्म्या गिऱ्हाइकांना हे बसवून झाल्यावर कळतं आणि मग भांडण. वीज गेल्यावरही चालू हवं असेल तर हायब्रिड (सोलर, ग्रिड, बॅटरी तिन्ही सांभाळणारा) इन्व्हर्टर, बॅटरी आणि बॅकअपची वेगळी लाइन हे तिन्ही लागतात. त्या वेगळ्या लाइनचं काम जुन्या घरात भिंती फोडायला लावतं. त्याचा खर्च विचारून घ्या.

दुसरी. युनिट म्हणजे साठा, किलोवॅट म्हणजे जोर. ५ युनिटच्या बऱ्याच बॅटऱ्या सलग अडीच किलोवॅटच देतात. दीड टनाचा एसी चालू आहे, त्यात कोणी गीझर लावला, की साठा भरलेला असूनही बीएमएस, म्हणजे बॅटरीतलं राखणदार सर्किट, ट्रिप. पाण्याच्या पंपाची मोटर सुरू होताना पाच-सहापट करंट ओढते. तो पंप बॅकअपवर टाकायचा हट्ट धरलात तर इन्व्हर्टर नि बॅटरी दोन्ही एका पंपापायी मोठे घ्यावे लागतात. पंप दिवसा चालवा, टाकी भरून ठेवा, सुटलात.

तिसरी गोष्ट, इन्व्हर्टर स्वतः खातो. हायब्रिड मशीन नुसतं जागं राहायला ४०-५० वॅट घेतं. चोवीस तासांत एक युनिट गेलं. ५ युनिटच्या बॅटरीवर एक युनिट म्हणजे किती, तुम्हीच बघा.

पाणी_घाला

सगळे लिथियम लिथियम करतायत. माझ्या ट्युब्युलर, म्हणजे शिशाच्या बॅटऱ्यांना सहावं वर्ष चालू आहे. वेळेवर डिस्टिल्ड वॉटर, टर्मिनलना पेट्रोलियम जेली, एवढंच. पहिली किंमत निम्म्याहून कमी आणि जुनी देताना शिशाचे पैसे परत मिळतात ते वेगळेच.

हिशेबनीस

पाणी_घाला, तुमच्याकडे वीज किती वेळा जाते? क्वचित जात असेल तर तुमची निवड अगदी योग्य. रोज वापरायची असेल तर वरच्याच पद्धतीने बघू. १५० अँपिअर-अवरच्या चार बॅटऱ्या, ४८ व्होल्ट, म्हणजे कागदावर ७.२ युनिट. निम्म्याच्या खाली नेल्या तर आयुष्य भराभर कमी होतं, म्हणून वापरायला ३.६. रोज निम्म्यापर्यंत उतरवल्या तर हजार-बाराशे सायकल मिळतात असं धरू. १२०० ने गुणलं तर ४,३२० युनिट. एलएफपीचे काढले होते १४,८००. म्हणजे चार शिसे बॅटऱ्यांचा संच त्या एका एलएफपीच्या किमतीच्या तीस टक्क्यांच्या आत मिळाला तरच बरोबरी. शिवाय शिशात जाता-येता वीस-पंचवीस टक्के वीज गळते.

आणि तो १५० चा आकडा वीज दहा-वीस तासांत हळूहळू काढली तरचा असतो. दोन-तीन तासांत ओढलीत तर तेवढी निघत नाही.

पाणी_घाला

आमच्याकडे महिन्यातून चारपाचदा जाते. रोजच्या वापराचा विचार मी केला नव्हता कारण मला तो करायचाच नाहीये. बॅटरीची खोली हवेशीर ठेवा एवढं मात्र सगळ्यांना सांगतो. चार्ज होताना हायड्रोजन निघतो, आणि लोक खुशाल जिन्याखालच्या बंद कपाटात ठेवतात.

फ्यूजगेला

उष्णतेचंही तेच. शिसे असो की लिथियम, २५ अंशांच्या आसपास दोन्ही सुखी. शिशाच्या बॅटरीचं आयुष्य दर दहा अंश वाढीला निम्मं होतं असा आमच्यात ढोबळ नियम आहे. गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत बॅटरी लावून दे म्हणणारे गिऱ्हाईक भेटतात, तिथे मी काम घेत नाही. थंड प्रदेशातल्यांनी उलट बघावं. शून्य अंशाखाली एलएफपी चार्ज करायची नसते, बीएमएस ते थांबवतं. थांबवत नसेल तर ती बॅटरी घेऊ नका.

मावळतीची_शिफ्ट

मी बॅटरी न घेता काय केलं ते लिहिते, कदाचित उपयोगी पडेल. बहुतेक घरांत रात्रीची मोठी खादाड वस्तू म्हणजे पाणी तापवणं. १०० लिटर पाणी ३० अंशांनी तापवायला साडेतीन युनिट लागतात, हे शाळेतल्या सूत्रावरून काढता येतं. आम्ही चांगलं इन्सुलेशन असलेली १५० लिटरची टाकी बसवली आणि तिला टायमर लावला, ती अकरा ते दोनमध्ये तापते. म्हणजे पाच युनिट गरम पाण्याच्या रूपात साठली. तिच्या सायकल मोजाव्या लागत नाहीत. वॉशिंग मशीनही दुपारी, डिले स्टार्ट लावून. फ्रिज आहे तसाच.

गच्चीवरला, तुमची रात्रीची ७ युनिट कशाकशात जातात ते आधी बघाल का? आमच्याकडे ८ होती, आता निम्म्यावर आहेत. बॅटरीचा विचार त्या उरलेल्या निम्म्यासाठी करायचा.

गच्चीवरला

मावळतीची_शिफ्ट, हे डोक्यातच आलं नव्हतं. बघून सांगतो: गीझर सकाळ-संध्याकाळ मिळून अडीच युनिट, एसी दोन-अडीच, बाकी पंखे, दिवे, फ्रिज, टीव्ही. म्हणजे गीझर तर सरळ दुपारी जाऊ शकतो.

दीडशहाणा

पंखे कोणते? जुने पंखे ७५ वॅटचे, बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या नव्या मोटरचे) ३० च्या आत. चार पंखे रात्रभर चालत असतील तर दीड युनिट इथेच वाचलं. (बघा, मीसुद्धा कधीकधी बरोबर असतो.)

मीटर काढायचं मी मागे घेतो, पण एक राहिलं. दारात इलेक्ट्रिक गाडी उभी आहे, तिच्यात ४०-५० युनिटची बॅटरी. घराला वेगळी कशाला हवी?

फ्यूजगेला

गाडीतून घरात वीज घ्यायला गाडी, चार्जर दोन्हीकडून सोय लागते. जपानमध्ये २०१२ पासून निसानच्या लीफ या इलेक्ट्रिक गाडीवर अशी घरं चालली आहेत, तेव्हा तंत्र नवीन नाही. पण तुमच्या गाडीत ते आहे का, त्याने गाडीच्या बॅटरीची वॉरंटी जाते का, हे लेखी घ्या. दुसरं म्हणजे गाडी दिवसभर ऑफिसच्या पार्किंगमध्ये असेल तर तिच्यात ऊन कोण भरणार? घरून काम करणाऱ्यांना मात्र झकास. काही गाड्यांना नुसता सॉकेट असतो, त्यावर दोनतीन किलोवॅटचं सामान चालतं. वीज गेल्यावर तेवढं पुष्कळ.

जुन्या गाड्यांचे सेल काढून बनवलेल्या बॅटऱ्या स्वस्तात मिळतात, त्यांच्यापासून लांब राहा. कुठला सेल किती थकलाय कळत नाही, आणि त्यातले बरेच निकेल-मँगनीज-कोबाल्टचे असतात. ते एलएफपीपेक्षा कमी तापमानाला पेट घेतात.

गच्चीवरला

आता खरा प्रश्न. बॅटरी आज नको, पण दोनतीन वर्षांनी नियम बदलले तर घेता यावी. मग आत्ताच हायब्रिड इन्व्हर्टर घेऊन ठेवू का?

हिशेबनीस

मी म्हणेन घ्या. साध्या आणि हायब्रिड इन्व्हर्टरमधला फरक एकूण खर्चाच्या मानाने लहान असतो. नंतर इन्व्हर्टर बदलणं म्हणजे दुहेरी खर्च.

फ्यूजगेला

इथे माझं जमत नाही तुमच्याशी. हायब्रिड इन्व्हर्टर वाटेल त्या बॅटरीशी बोलत नाही. कंपनीची यादी असते, बीएमएस आणि इन्व्हर्टरची भाषा जुळावी लागते. तीन वर्षांनी त्या यादीतली बॅटरी बंद झाली, नवीन मॉडेलला फर्मवेअर नाही, की तुमचं हायब्रिड साध्याचंच काम करत बसणार, वर रोजचं एक युनिट खात. आणि इन्व्हर्टरचं आयुष्यच दहा-बारा वर्षं, त्यातली तीन वाट बघण्यात जाणार. त्यापेक्षा आज साधा घ्या. पुढे लागलं तर एसी बाजूने, म्हणजे थेट घरच्या वायरिंगला जोडायची बॅटरी मिळते, तिचा इन्व्हर्टर तिच्याबरोबरच येतो. वीज थोडी जास्त वाया जाते, पण कोणाच्या यादीवर अडून राहत नाही.

हिशेबनीस

एसी बाजूने जोडली तर दोनदा रूपांतर, तीनचार टक्के जास्त गळती, आणि दुसऱ्या इन्व्हर्टरची किंमत. ५ युनिटसाठी तो दुसरा इन्व्हर्टर बॅटरीच्या किमतीत सहज पाव भर घालतो. ४८ व्होल्टच्या एलएफपीत १६ सेल, ५१.२ व्होल्ट ही मांडणी आता इतकी रुळली आहे की ती तीन वर्षांत नाहीशी होईल असं मला वाटत नाही. हाय-व्होल्टेज बॅटरीवाला हायब्रिड असेल तर मात्र तुमचं म्हणणं खरं, तिथे एकाच कंपनीच्या दावणीला बांधलं जातं.

फ्यूजगेला

४८ व्होल्टचा, आणि यादीत चारपाच वेगवेगळ्या कंपन्या असतील, तर मी विरोध सोडतो. बिनबॅटरीचं तो नीट चालतो का तेही बघून घ्या, काही मशीन बॅटरी नसली की सारखी अलार्म देत बसतात.

गच्चीवरला

ठरलं मग. पाच किलोवॅट पॅनेल, ४८ व्होल्टचा हायब्रिड, बॅटरी आज नाही. गीझर टायमरवर, पंखे बदलायचे. नवीन कोटेशनमध्ये काय काय लिहून घेऊ?

फ्यूजगेला

इन्व्हर्टरचा नुसता किलोवॅट नको, बॅकअपला सलग किती आणि दहा सेकंद किती, ते वेगवेगळं लिहून घ्या. डीसी (पॅनेलची) आणि एसी (घराची) दोन्ही बाजूंचे सर्ज प्रोटेक्टर (व्होल्टेजचा झटका अडवणारे), अर्थिंगचे खड्डे किती, आकाशातल्या विजेसाठी वीजरोधक आहे की नाही. केबल किती स्क्वेअर एमएमची. पॅनेलची वॉरंटी दोन प्रकारची असते, बनावटीची वेगळी आणि २५ वर्षं वीज देण्याची वेगळी. दुसरीचा गवगवा करतात, कामाला पहिली येते. गच्चीला वॉटरप्रूफिंग करायचं असेल तर ते आधी उरकून घ्या, नंतर स्ट्रक्चर उचलायचा खर्च कोणी सांगत नाही.

पुढे बॅटरी घ्याल तेव्हा वॉरंटीत दहा वर्षांखेरीज एकूण किती युनिटपर्यंत, ते बघा. दोन्हींतलं जे आधी संपेल ते खरं. शेवटी किती टक्के क्षमता उरायला हवी तेही (बहुधा ६० किंवा ७०), आणि नेटला जोडलेली नसली तर वॉरंटी जाते का तेही. एका गिऱ्हाइकाचा क्लेम याच कलमावर फेटाळला गेला, राउटर बदलल्यावर बॅटरी परत जोडायची राहिली होती म्हणून.

हिशेबनीस

आणि त्या एकूण युनिटच्या आकड्याने किंमत भागा, माझे १४,८०० विसरून. तो कंपनीने स्वतः दिलेला आकडा आहे, त्याच्याशी कोणी वाद घालू शकत नाही.

चांदणी_रात्र

फ्यूजगेला, एक शंका. आमच्या बॅकअप लाइनवर सासूबाईंची खोली घेतल्यापासून अधूनमधून आरसीसीबी (लीकेज दिसलं की वीज तोडणारा स्विच) पडतो, वीज असतानाही. कॉन्सन्ट्रेटर काढून ठेवला तरी पडतो. इलेक्ट्रिशियन म्हणतो, मशीनमध्ये लीकेज आहे.

फ्यूजगेला

मशीन काढूनही पडतो म्हणजे मशीन नव्हे. बहुतेक त्या खोलीचा फेज बॅकअपवर घेतला आणि न्यूट्रल जुन्याच बसबारवर (बोर्डातल्या न्यूट्रल एकत्र जोडायच्या पट्टीवर) राहिला. जाणारा करंट एका आरसीसीबीतून, येणारा दुसऱ्याच वाटेने. मग तो पडणारच. त्याला सांगा, बॅकअपच्या सगळ्या सर्किटचे न्यूट्रल वेगळे काढून बॅकअपच्याच बारवर घे. आधी मेन बंद करायला सांगा, बॅटरीचा ब्रेकरही. नुसता मेन पाडून त्या बोर्डात हात घालू देऊ नका, बॅकअपची बाजू जिवंतच असते.

चांदणी_रात्र

उद्याच बोलावते त्याला. कळवते इथेच.